मोठ्या सरांचे तळपाय

आमच्या मोठ्या सरांना अख्ख्या आयसीयूत 'अजून एक' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती इथे कुणाची नाही. माझी आहे, पण मला वेळ नसतो.

नाव पडलं ते त्यांच्या सवयीवरून. पेशंटचं बीपी खाली गेलं की सर उशाशी उभे राहणार, पेशंटच्या मनगटावर दोन बोटं ठेवणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, अजून एक. म्हणजे सलाईनची अजून एक बाटली. ती संपली आणि बीपी हललं नाही, की पुन्हा डोळे मिटणार, पुन्हा अजून एक. त्यांना भूक लागली की नाही हे त्यांच्या बायकोला विचारावं लागतं, पण पेशंटला तहान लागली की नाही हे त्यांच्या दोन बोटांना कळतं, असा त्यांचा पक्का समज.

मी इथली मोठी सिस्टर. सत्तावीस वर्षं झाली. मी नवी लागले तेव्हा मला धड शीर सापडायची नाही. सरांनीच हात धरून शिकवलं, आणि शिकवताना इतकं बोलले की मी घरी जाऊन राजीनामा लिहिला होता. दिला नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी लावलेली सुई बघून ते 'बरी आहे' म्हणाले. सरांचं 'बरी आहे' म्हणजे दुसऱ्या कुणी शाल घालून सत्कार करावा तसं. तेवढ्यावर मी सत्तावीस वर्षं काढली, आता बोला.

आणि माणसं त्यांनी वाचवलीत, हेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाई उगाच आग पाखडते. रक्त वाहून पांढरे पडलेले, जुलाबांनी सुकलेले, असे शेकडो जण त्यांच्या बाटल्यांवर उठून आपल्या पायांनी घरी गेले. पण सुकलेल्याला पाणी देणं वेगळं आणि नको असलेल्याच्या शिरेत ओतत राहणं वेगळं. अति तिथे माती. हे मी माझ्या चौथीतल्या भाचीला समजावू शकते, सरांना नाही.

सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक नवीन डॉक्टरीण आली. वय तिशीचं, आवाज बारीक, चाल भरभर, आणि एप्रनच्या दोन्ही खिशांत सोनोग्राफीच्या जेलच्या बाटल्या. जिथे टेकेल तिथे चिकट डाग. पहिल्याच दिवशी तिचं नाव 'जेलवाली' पडलं. येताना तिने एक चाकांचं सोनोग्राफी मशीन मागून घेतलं होतं. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते आमच्या लादी पुसायच्या बादल्यांशेजारी उभं राहायचं. पोटातलं बाळ बघायचं यंत्र या मरायला टेकलेल्या लोकांत कशाला, असं मीही तेव्हा म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू?

एकदा चहा पिताना तिने मला सगळं समजावून सांगितलं. शॉक म्हणजे अंगभर पुरेसं रक्त पोचत नाही, एवढं मला ठाऊक होतंच. तिचं म्हणणं असं की अशा पेशंटांपैकी साधारण निम्म्यांना सलाईनचा उपयोग होतो, उरलेल्यांना नाही. त्यांच्या फुप्फुसात पाणी साचायला लागतं. कोण कुठल्या निम्म्यात, हे मनगट सांगत नाही. मग कसं कळणार? तर पेशंटचे पाय वर करायचे. आपल्या पायांत पेलाभर-दोन पेले रक्त नुसतं पडून असतं. पाय वर गेले की ते हृदयाकडे धावतं, म्हणजे त्याची त्यालाच बाटली चढवल्यासारखं. तेवढ्यात छातीवर मशीनचा दांडा, म्हणजे प्रोब, ठेवून बघायचं, हृदय एका ठोक्याला आधीपेक्षा जास्त रक्त फेकतंय का. फेकत असेल तर खुशाल सलाईन द्या. नसेल तर पाय खाली करा, काही बिघडलं नाही, पण बाटलीला हात लावू नका.

मला हे फार पटलं. मी म्हटलं, सरांना सांगितलंस? तर ती चहाच्या कपात बघत बसली.

सांगितलं होतं तिने. भर राउंडमध्ये, दहा जणांसमोर. सर म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि नाडीवर बोटं ठेवून डोळे मिटले. त्यांच्या हाताखालचे एक डॉक्टर लगेच 'होय सर' म्हणाले. हे गृहस्थ पन्नाशीचे, टक्कल पडलेले, स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतात, पण सरांसमोर 'होय सर' सोडून तिसरा शब्द तोंडातून निघत नाही. त्यांना आम्ही होयबा म्हणतो. स्वभावाने देवमाणूस, फक्त कणा घरी ठेवून येतात.

त्यातून आमचे पलंग जुने. या तपासणीत पेशंटला हात न लावता अख्खा पलंगच तिरका करायचा असतो, डोकं खाली, पाय वर. आमच्या पलंगांना त्यासाठी लोखंडी हँडल फिरवावं लागतं, आणि त्यातली निम्मी हँडलं कुठे गेली ते देवाला ठाऊक. बटणावर हलणारे पलंग मी तीनदा मागितले. तिन्ही वेळा सरांनी अर्जावर आडवी रेघ मारून लिहिलं, 'पलंग झोपायला असतो, झोके घ्यायला नाही.' तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला बघायचा असेल तर.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी सातव्या पलंगावर एक शाळेतल्या बाई होत्या. अंगभर जंतू पसरलेले, बीपी खाली. सरांनी चार बाटल्या दिल्या. पाचवी सांगितली तेव्हा मी म्हटलं, सर, त्यांचा श्वास फार वाढलाय. सर म्हणाले, अजून एक. ती मी लावली. माझ्या या हातांनी. दुपारपर्यंत बाईंच्या तोंडाला फेस आला आणि संध्याकाळी त्या गेल्या. कदाचित त्या तशाही गेल्या असत्या, दुखणंच तसं होतं. पण त्याबद्दल सर माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी. फक्त तेव्हापासून राउंडला सर सातव्या पलंगापाशी थांबत नाहीत. पेशंटचा कागद हातात घेतात आणि चालता चालता वाचतात. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला आयसीयूचं दार उघडलं आणि स्ट्रेचरवरून आले ते खुद्द मोठे सर. मागून त्यांची पत्नी, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, हातात सरांच्या बुटांची पिशवी घेऊन.

काय झालं होतं, तर मुतखडा अडकला होता आणि त्याच्या मागे लघवी तुंबून तिच्यात जंतू झाले होते. तीन दिवस ताप होता. तीन दिवस हा माणूस गोळी खाऊन राउंड घेत होता आणि कुणी विचारलं की झोप झाली नाही म्हणायचा. सकाळी बाथरूममध्ये कोसळले. बीपी वरचं अठ्ठ्याहत्तर, हातपाय गार, कपाळ तापलेलं. दुसऱ्या कुणी पेशंटने असं केलं असतं तर सरांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

पलंग एकच रिकामा होता. सरांनी डोळे उघडून भिंतीवरचा आकडा बघितला आणि म्हणाले, सातवा नको. मी म्हटलं, दुसरा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आमच्या वॉर्डबॉय मामांनी त्यांना सातव्यावर सरकवलं.

अर्ध्या तासात सगळं झालं. रक्त तपासायला गेलं, अँटिबायोटिक गेलं, तीन बाटल्या भरभर गेल्या. त्या तिन्हींना जेलवालीचीही हरकत नव्हती. सुरुवातीला द्यावंच लागतं, म्हणाली. खड्याच्या बाजूने नळी घालून तुंबलेली घाण काढायची, तो खरा उपाय. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी निरोप पाठवला की बीपी नव्वदीच्या वर टिकल्याशिवाय मी यांना हात लावणार नाही. आणि घाण निघाल्याशिवाय बीपी किती वेळ तग धरणार? म्हणजे दोन्हीकडून कोंडी. होयबांनी घड्याळ बघितलं. आमच्याकडे तासभर होता, फार तर दीड.

तीन बाटल्यांनंतर बीपी ब्याऐंशी. श्वास मिनिटाला तीस. ऑक्सिजन एक्क्याण्णव, तोही मास्क लावून. नाडी एकशे आठ. मास्कखालून सरांनी स्वतःच्या डाव्या मनगटावर स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, अजून एक.

होयबा म्हणाले, होय सर.

हसावं की रडावं मला कळेना. माणूस स्वतः पेशंट, आणि स्वतःचाच राउंड घेतोय. तोवर हॉस्पिटलभर बातमी गेली होती आणि पलंगाभोवती सात-आठ डॉक्टर जमले होते, सगळे सरांच्या हाताखाली तयार झालेले, सगळे मूग गिळून गप्प. प्रत्येकाला ठाऊक होतं की तीस श्वास काही बरे नाहीत. पण सर शुद्धीवर असताना सरांविरुद्ध बोलणार कोण?

जेलवाली बोलली. आवाज नेहमीपेक्षाही बारीक, पण बोलली. म्हणाली, सर, पाच मिनिटं द्या, पाय वर करून बघते.

मला वाटलं आता वीज पडणार. पण सर तयार झाले. मी त्यांना ओळखते ना, ते पटून तयार झाले नव्हते, तर सगळ्यांसमोर एकदाचं त्या मशीनचं नाक कापायला तयार झाले होते. म्हणाले, उचल. मग निदान कळेल अंगण वाकडं आहे की नाचणारी.

मशीन बादल्यांमधून ओढून आणलं. सातव्या पलंगाचं हँडल शोधलं, तर अर्थातच नव्हतं. जेलवालीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या आठ डॉक्टरांकडे. सगळे तिच्याकडेच बघत होते. ती म्हणाली, ठीक आहे, हातानेच उचलू. इथे तिची चूक झाली, आणि ती चूक मीही होऊ दिली.

प्रोब छातीवर टेकला. पडद्यावर शेंगांसारख्या आकृत्यांची रांग उमटली. प्रत्येक शेंग म्हणजे एका ठोक्याला फेकलेलं रक्त, शेंग मोठी तर रक्त जास्त. आकडा आला सोळा. मग पाठीमागच्या उशा काढून सरांना आडवं केलं, होयबांनी सरांचा उजवा पाय धरला, मी डावा, आणि चांगले वर उचलले. होयबांनी पाय टाचेला असा घट्ट धरला होता की जणू निसटून पळणार आहे.

मिनिटभरात शेंगा फुगल्या. सोळाचे साडेएकोणीस झाले. भरपूर वाढ. म्हणजे उत्तर सरळ होतं, हृदयाला पाणी हवंय.

जेलवालीचा चेहरा उतरला, पण पोरगी खरी. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सलाईन द्यायला हरकत नाही. सरांनी डोळे मिटले. मास्कच्या आत त्यांचे ओठ हलले. बघा, दोन बोटं, असं काहीतरी म्हणाले. होयबा म्हणाले, होय सर. मी चौथी बाटली स्टँडला अडकवली, नळीतली हवा काढली आणि नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवला. फिरवलं की सुरू.

अंगठा फिरेना.

का फिरेना, ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. पाय वर असताना मी मॉनिटरकडे बघितलं होतं, सवयीने. नाडी एकशे आठवरून एकशे एकतीसवर गेली होती. जेलवालीने चहाच्या वेळी मला सांगितलं होतं, पाय वर केल्याने नाडी अशी उडत नाही. उडाली तर समजावं की पेशंटला दुखलं, तो घाबरला, नाहीतर चिडला, आणि हृदय त्याने धावतंय, पायातल्या रक्ताने नाही. आणि दुसरं म्हणजे, माझ्या हातातल्या पायाची बोटं मिटली होती. घट्ट. आणि मास्कमध्ये सरांनी ओठ असे आवळले होते, जसे ते मीटिंगमध्ये कुणी मूर्खासारखं बोललं की हसू दाबायला आवळतात.

मी खाली वाकून विचारलं, सर, गुदगुल्या झाल्या का?

सरांनी डोळे उघडले. आयसीयूत असं वाक्य बहुतेक कुणी कधी बोललं नसावं. आठ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, सिस्टर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मला गुदगुल्या होत नाहीत. बाटली सोडा.

मी नळीचं चाक तसंच बंद ठेवलं, होयबांना म्हटलं याला हात लावलात तर बघा, आणि बाहेर गेले.

वहिनी बाकावर ताठ बसल्या होत्या, बुटांची पिशवी मांडीवर. करारी बाई. सरांना घाबरत नाहीत अशा जगात दोनच बायका, त्यातल्या या पहिल्या. मी सरळ विचारलं, वहिनी, सरांना तळपायाला गुदगुल्या होतात का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरात चोरून शिरले आहे. म्हणाल्या, हा काय प्रश्न झाला? आत त्यांचा जीव जायची वेळ आली आहे. मी म्हटलं, म्हणूनच विचारते. तुमच्या उत्तरावर एक बाटली अडली आहे.

त्यांनी बुटांची पिशवी मांडीवरून बाकावर ठेवली. मग म्हणाल्या, अडतीस वर्षं झाली लग्नाला, कुणाला सांगणार नाही असं मला शपथेवर कबूल करायला लावलंय त्यांनी. दुकानात बुटाचं माप कुणाला घेऊ देत नाहीत, स्वतः कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखतात आणि तो कागद नेतात. एकदा नातवाने पायाला बोट लावलं तर खुर्चीवरून खाली पडले होते. पेशंट काय म्हणतील, म्हणतात. एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, वहिनी, तुम्ही आत्ता फार मोठं काम केलंत. आणि पळत आत आले. माझ्या वयाला पळणं शोभत नाही, पण शोभेचा विचार कोण करतो?

जेलवालीला बाजूला घेऊन सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, जेलसकट. म्हणाली, हाताने उचलायचे नाहीत हे पहिल्या धड्यातच आहे. मला माहीत होतं, सिस्टर. सगळे बघत होते म्हणून घाई केली. मी म्हटलं, रडायला नंतर वेळ काढू, आधी हँडल.

हँडल सापडलं. स्टोअरचं दार आपोआप आपटतं म्हणून मामांनी ते दोन वर्षांपासून दाराखाली अडकवून ठेवलं होतं. मी रोज त्याला ठेच लागून मामांच्या नावाने बोटं मोडत होते, पण ते हँडल आहे हे कधी डोक्यात आलं नाही. काखेत कळसा, दुसरं काय.

या वेळी मी पलंगाभोवतीच्या आठही जणांना बाहेर काढलं. फक्त होयबा राहिले, हँडल फिरवायला. सरांना आम्ही सांगितलं की आकडा पुन्हा घ्यायचा आहे. ते म्हणाले, एकदा झालं ना? पण आवाजात जोर नव्हता. श्वास आता चौतीस झाला होता आणि ओठांना निळसर झाक यायला लागली होती. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सर आपले जातील, आणि सातव्यावरच जातील, असं वाटलं.

पलंग कुरकुरत तिरका झाला. डोकं खाली, पाय वर, पायाला कुणाचाही हात नाही. मी नाडी बघत होते. एकशे दहा. एकशे दहा. एकशे नऊ. पडद्यावर शेंगा होत्या तेवढ्याच. सोळा होतं, ते सोळाच्या आसपासच राहिलं. मिनिटभर थांबून जेलवालीने पलंग पूर्ववत करायला सांगितला आणि प्रोब बरगड्यांवर फिरवला. फुप्फुसांत वरून खाली पांढऱ्या रेघा दिसत होत्या, दोन्हीकडे. हे पाणी, ती म्हणाली. सलाईनचा आता एक थेंबही नको, शिरा आवळणारं औषध पंपावर सुरू करायला हवं, लगेच.

सरांनी ऐकलं. डोळे मिटले, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"अजून एक," ते म्हणाले.

होयबांनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून काय निघणार ते मला माहीत होतं. पण ते हँडल हातात धरून तसेच उभे राहिले, तोंड उघडं, आणि शब्द नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्टँडवरची बाटली काढली आणि सरांना दिसेल अशी टेबलावर आडवी ठेवली.

"सर," मी म्हटलं, "हा सातवा पलंग आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हटवली नाही. अकरा वर्षांपूर्वी हटवली होती. मग त्यांनी मनगटावरची बोटं काढली, हात चादरीवर ठेवला, आणि जेलवालीला म्हणाले, "तुझं औषध लाव."

तोपर्यंत मी सिरिंज भरलेली होती.

पुढचं भराभर झालं. पंप सुरू झाला, मास्क बदलून जास्त दाबाचा लावला. वीस मिनिटांत बीपी अठ्ठ्याऐंशी, चाळिसाव्या मिनिटाला शहाण्णव. भूल देणारे डॉक्टर स्वतः घ्यायला आले. नळी पडली, तुंबलेलं सगळं निघालं, आणि दुपारी चारला सर परत सातव्यावर आले, पहिल्यापेक्षा गुलाबी. होयबा कोपऱ्यात जाऊन चष्मा पुसत होते. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, सिस्टर, मी आज 'होय' म्हटलं नाही. मी म्हटलं, दिसलं मला, आता रोज थोडं थोडं करा.

चार दिवसांत सर बसायला लागले. बसायला लागले म्हणजे बोलायलाही लागले. मऊ भाताला चव नाही, उशी दगडाची आहे, चार्ट लिहिणाऱ्याचं अक्षर कोंबडीचं आहे. जेलवाली रोज सकाळी प्रोब घेऊन यायची. तिच्याशी स्वतःहून एक शब्द बोलायचे नाहीत, पण ती यायच्या आधी सदऱ्याची बटणं सोडून तयार बसायचे. तिने विचारलं तर म्हणायचे, उकडतंय.

पाचव्या दिवशी दुपारी मी औषध द्यायला गेले तर त्यांनी पडदा ओढून घ्यायला सांगितलं. मी ओढला. मग म्हणाले, त्या शाळेतल्या बाई होत्या ना इथे. मी म्हटलं, हो. त्यांनी बाईंचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, तारीख सांगितली. माझ्याही लक्षात नव्हतं इतकं.

"चार झाल्या होत्या," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं मला. श्वास वाढलाय म्हणून."

अकरा वर्षं मला वाटत होतं की त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण समोर बसलेला माणूस इतका वाळला होता की रागवायला जागाच दिसेना. मी जे तोंडाला आलं ते बोलले.

"सर, तेव्हा आपल्याकडे हे मशीन नव्हतं."

सरांनी चादरीखालच्या आपल्या पायांकडे बघितलं.

"पाय तर होते ना," ते म्हणाले. "पाय वर करून बीपी तरी बघितलं असतं."

काहीतरी करायचं म्हणून मी पायथ्याची चादर सरकली होती ती नीट करायला वाकले, तर त्यांनी दोन्ही पाय झटकन पोटाशी ओढले.

"हात नको," ते म्हणाले.

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. ते तर इतके हसले की मॉनिटर वाजायला लागला आणि बाहेरून होयबा धावत आले. मी पडद्यातून हात काढून त्यांना परत पाठवलं, कारण तोवर सरांचं हसणं थांबलं होतं आणि ते तोंडावर उशी दाबून रडत होते. मी पलंगाच्या कडेला बसले. राउंडला अजून वेळ होता.